‘खेळेल का?’ ते ‘कधी खेळेल?’

कोल्हापुरात पेठेच्या संघातला एखादा पोरगा मैदानात गुडघा धरून बसला, की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून एकच प्रश्न येतो : ‘परत खेळंल का रं?’ मी हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा शाळेत होतो. तो खेळाडू त्याच हंगामात दुसऱ्या पेठेतून आमच्याकडे आला होता. त्याच्यावरून हंगामाआधी चहाच्या गाड्यावर महिनाभर वाद झाले होते. तिसऱ्या सामन्यात वळताना त्याचा पाय जागीच राहिला आणि अंग पुढे गेले. त्याला हाडवैद्याकडे नेले, लेप लावला, पट्टी बांधली. पुढच्या हंगामात तो आमच्या शेजारी पायऱ्यांवर बसून सामना बघत होता. कुणी त्याला काही विचारले नाही. विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते.

पुढे इंग्लंडमधला फुटबॉल आधी वर्तमानपत्रांतून आणि मग टीव्हीवरून कळू लागला, तेव्हा लक्षात आले की तिथल्या पायऱ्यांवरचा प्रश्नही हाच आहे. खेळाडू नवा असेल, त्याच्यासाठी क्लबने पैसे मोजलेले असतील, आणि त्याच्या गुडघ्याची बातमी आली असेल, तर त्या शहरातली माणसे घरात आजारपण आल्यासारखी वागतात. मात्र गेल्या साठ वर्षांत या प्रश्नाचे रूप बदलत गेले. आधी लोक विचारत, ‘खेळेल का?’ आता विचारतात, ‘कधी खेळेल?’ दोन प्रश्नांत एका शब्दाचा फरक आहे. पण त्या फरकामागे शल्यचिकित्सेचा, पैशाचा आणि चाहत्याच्या हक्काच्या जाणिवेचा मोठा इतिहास आहे. मी डॉक्टर नाही. हा इतिहास मी वाचून, जुळवून, पडताळून लावला आहे. तो लावताना एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. ती शेवटी सांगेन.

फुलीचा बंध

गुडघ्याच्या सांध्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना धरून ठेवणारे दोन अस्थिबंध आतल्या बाजूला एकमेकांना फुलीसारखे छेदतात. म्हणून वैद्यकात त्यांना क्रूस या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नाव मिळाले. त्यांतला पुढचा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा जागेवर ठेवतो. फुटबॉलमध्ये धावता धावता थांबणे, एका पायावर अंग फिरवणे, उडी मारून एका पायावर उतरणे ही कामे क्षणोक्षणी करावी लागतात आणि त्यांतच हा बंध तुटतो. पुष्कळदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. तुटला की तो आपोआप पहिल्यासारखा जुळत नाही. सरळ चालता येते, कधी सरळ धावताही येते, पण वळताना गुडघा दगा देतो. कबड्डीच्या मैदानावर वावरलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

हा बंध दुरुस्त करण्याचा प्रयत्न फुटबॉलपटूसाठी सुरू झाला नाही. १८९५ साली लीड्समध्ये आर्थर मेयो-रॉबसन या शल्यचिकित्सकांनी ४१ वर्षांच्या एका खाणकामगाराच्या गुडघ्यातले दोन्ही फुलीबंध टाके घालून जोडले. त्याची हकिकत त्यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेनंतर सहा वर्षांनी पाय अगदी मजबूत आहे असे रोग्याने सांगितल्याची नोंद आहे. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे ग्रोव्हज यांनी पुढचे पाऊल टाकले. तुटलेला बंध शिवत न बसता मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या चिवट पडद्याची पट्टी हाडातल्या भोकांतून ओवून त्यांनी नवा बंध तयार केला. आजच्या शस्त्रक्रियेचे मूळ तत्त्व हेच आहे.

म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातच वाट सापडली होती. तरीही पुढची पन्नास वर्षे इंग्लिश फुटबॉलमध्ये या दुखापतीचा अर्थ बहुधा एकच होता. वाट सापडणे वेगळे आणि ती मैदानापर्यंत पोचणे वेगळे.

रोकर पार्क, १९६२

ब्रायन क्लफ १९६१ च्या उन्हाळ्यात मिडल्सब्रो सोडून शेजारच्या संडरलंडमध्ये आला. संडरलंड तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होते आणि वरच्या श्रेणीत परतण्यासाठी धडपडत होते. क्लफ गोल करणारा माणूस होता. पहिल्या हंगामात त्याने ३४ लीग सामन्यांत २९ गोल केले. दुसऱ्या हंगामात नाताळपर्यंत २४ सामन्यांत २४. जहाजे बांधणाऱ्या आणि कोळसा काढणाऱ्या त्या शहराला एवढा आकडा पुरेसा होता.

२६ डिसेंबर १९६२ रोजी रोकर पार्कवर बेरीविरुद्ध सामना होता. चेंडूच्या मागे धावताना क्लफ बेरीचा गोलरक्षक ख्रिस हार्कर याच्यावर आदळला आणि त्याच्या गुडघ्यातले अस्थिबंध तुटले. तो उठण्याची धडपड करत असताना, हा नाटक करतो आहे अशा अर्थाचे काहीतरी बेरीचा बॉब स्टोको पंचांना म्हणाला, असे क्लफ पुढे आयुष्यभर सांगत राहिला. स्टोकोला त्याने कधी माफ केले नाही. इंग्लिश लीगमध्ये तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती; ती १९६५ मध्ये, तीही आधी फक्त जखमींसाठी, आली. त्यामुळे संडरलंड उरलेला सामना दहा जणांत खेळले आणि एका गोलने हरले.

त्याच दिवसांत इंग्लंडमध्ये शतकातला एक सर्वांत कडक हिवाळा सुरू झाला. मैदाने गोठली आणि आठवड्यामागून आठवडे सामने पुढे ढकलले गेले. म्हणजे खेळच बंद होता आणि ज्याच्यावर आशा होती त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. संडरलंडच्या चाहत्याला आपल्या खेळाडूची खबर मिळण्याचे मार्गही थोडे होते. संध्याकाळचे वर्तमानपत्र आणि दारूच्या गुत्त्यातली चर्चा. दर शनिवारी रात्री सामन्यांची क्षणचित्रे दाखवणारा बीबीसीचा ‘मॅच ऑफ द डे’ सुरू व्हायला अजून दीड-पावणेदोन वर्षे होती. क्लफ पडला ते दृश्य पुन्हा पुन्हा बघण्याची सोय कुणाला नव्हती. ज्यांनी पाहिले त्यांनी सांगितले, बाकीच्यांनी ऐकले.

१९६३ च्या मे महिन्यात बढतीचा निकाल लागला. रोकर पार्कवर चेल्सीने संडरलंडला १-० हरवले, पुढचा सामना ७-० असा जिंकला आणि गुण समान असतानाही गोलसरासरीवर चेल्सी वर गेले. २४ सामन्यांत २४ गोल करणारा माणूस मैदानात असता तर गोलसरासरीची वेळ आली असती का, हा हिशेब त्या शहराने किती वेळा केला असेल! संडरलंडला बढती मिळाली ती पुढच्या वर्षी. सप्टेंबर १९६४ मध्ये क्लफ परतला, पहिल्या श्रेणीचे ३ सामने खेळला, एक गोल केला, आणि थांबला. दुखापत झाली तेव्हा तो २७ वर्षांचा होता. थांबला तेव्हा तिशीही गाठली नव्हती.

या प्रसंगात ‘कधी खेळेल?’ हा प्रश्न कुणाच्या तोंडी नव्हता, कारण त्याला उत्तर नव्हते. प्रश्न ‘खेळेल का?’ एवढाच होता आणि त्यात एक प्रकारची असहायता होती. चाहताही असहाय, खेळाडूही असहाय. काळही तसाच होता. आठवड्याला २० पौंडांची कमाल वेतनमर्यादा जानेवारी १९६१ मध्येच उठली होती. कराराची मुदत संपली तरी खेळाडूला अडकवून ठेवण्याचा क्लबचा हक्क न्यायालयाने अवैध ठरवला तो १९६३ मध्ये, जॉर्ज ईस्टहॅम याच्या खटल्यात. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या गोदी कामगाराला मैदानातला खेळाडू आपल्यासारखाच वाटे. अंगावर पोट असलेला. हात किंवा पाय गेला की काम गेले, हे दोघांनाही ठाऊक होते.

खरेदीआधीची तपासणी

खेळाडूंचे भाव चढत गेले तसे क्लब विकत घेण्याआधी माल तपासून घेऊ लागले. ‘माल’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण व्यवहार तसाच होता. १९७१ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा तरुण खेळाडू असा हार्टफर्ड लीड्स युनायटेडकडे जायला निघाला होता. सौदा ठरला होता. वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयात छिद्र आढळले आणि लीड्सने माघार घेतली. एका रात्रीत तो ‘हृदयात छिद्र असलेला खेळाडू’ म्हणून देशभर ओळखला जाऊ लागला. पुढे हाच हार्टफर्ड मँचेस्टर सिटीकडून खेळला, एव्हर्टनकडून खेळला आणि स्कॉटलंडसाठी ५० आंतरराष्ट्रीय सामने खेळला.

लीड्सच्या डॉक्टरांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांनी जे दिसले ते सांगितले. पण इथून पुढे एक नवी गोष्ट सुरू झाली. खेळाडूच्या शरीराच्या आतली बातमी, जी एरवी तो, त्याचा डॉक्टर आणि त्याचे घर एवढ्यांपुरती राहिली असती, ती सार्वजनिक झाली. चाहता खेळाडूचे गोल मोजत होताच. आता तो त्याच्या आतले अवयवही मोजू लागला.

वेम्बली, १९९१

१९९० च्या विश्वचषकातले ट्युरिनमधले पॉल गॅस्कोइनचे अश्रू आपल्याकडे दूरदर्शनवर रात्री जागून पाहिलेली पिढी आज पन्नाशीच्या पुढे आहे. मी त्यांतलाच. इंग्लंडचा तो सर्वांत लाडका खेळाडू टॉटनहॅमचा होता. टॉटनहॅम कर्जात बुडाले होते आणि रोमच्या लाझिओने त्याच्यासाठी ८५ लाख पौंड देऊ केले होते. १८ मे १९९१ रोजीचा एफए कपचा अंतिम सामना हा त्याचा निरोपाचा सामना ठरायचा होता.

गॅस्कोइन त्या दिवशी आवरत नव्हता. सुरुवातीलाच त्याने प्रतिस्पर्ध्याच्या छातीत पाय घातला. थोड्याच वेळात गॅरी चार्ल्सवर त्याने अंग झोकून धडक मारली. त्या फ्री किकवर स्टुअर्ट पिअर्सने गोल केला आणि लगेच गॅस्कोइन कोसळला. त्याच्याच धडकेत त्याच्या उजव्या गुडघ्यातला फुलीबंध तुटला होता. त्याला स्ट्रेचरवरून नेले. टॉटनहॅमने सामना २-१ असा जिंकला.

समोरचा संघ होता नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि त्याचा व्यवस्थापक होता ब्रायन क्लफ. रोकर पार्कवर ज्याचा गुडघा गेला तोच. खेळणे सुटल्यावर क्लफ व्यवस्थापक झाला, डर्बीला आणि नंतर फॉरेस्टला त्याने लीगविजेते केले आणि फॉरेस्टला १९७९ व १९८० असे सलग दोनदा युरोपियन कप मिळवून दिला. जो अस्थिबंध तुटल्यामुळे क्लफ खेळाडूचा व्यवस्थापक झाला, तोच अस्थिबंध २८ वर्षांनी त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या गुडघ्यात तुटला. त्या क्षणी त्याच्या मनात काय आले असेल यावर मी काही लिहिणार नाही. पण दोन दुखापतींमधला फरक मोजायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

१९६२ मध्ये क्लफचे दार बंद झाले होते. १९९१ मध्ये गॅस्कोइनचे झाले नाही. लाझिओने माघार घेतली नाही, ते थांबले. मधल्या काळात सप्टेंबर १९९१ मध्ये न्यूकॅसलच्या एका नाइटक्लबमध्ये गॅस्कोइन पडला आणि त्याच गुडघ्याची वाटी मोडली. तरीही सौदा टिकला. फक्त रक्कम बदलली : ८५ लाखांचे ५५ लाख पौंड झाले. गुडघ्याच्या शंकेची किंमत ३० लाख पौंड ठरली. रोममधल्या चाहत्यांनी सोळा महिने वाट पाहिली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी तो लाझिओकडून पहिला लीग सामना खेळला, आणि नोव्हेंबरात रोमाविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत डोक्याने बरोबरीचा गोल करून त्याने त्या शहराचे देणे निदान एका संध्याकाळपुरते फेडले. पुढे एप्रिल १९९४ मध्ये सरावात त्याच्या पायाचे हाड मोडले.

ऐकून न ऐकल्यासारखे करणारे रोगी

या मधल्या तीन दशकांत वैद्यकात तीन गोष्टी घडल्या होत्या. एक, हे ग्रोव्हज यांच्या कल्पनेत सुधारणा होऊन वाटीखालच्या कंडरेची किंवा मांडीमागच्या कंडरांची पट्टी काढून नवा बंध बसवण्याची पद्धत रूढ झाली. दुसरी, सांधा उघडण्याऐवजी बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून काम करता येऊ लागले. इंग्लंडमध्ये डेव्हिड डँडी यांनी दुर्बिणीच्या मदतीने हा बंध पहिल्यांदा बसवला तो १९८० मध्ये. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते.

शस्त्रक्रियेनंतर पाय महिनोन् महिने जखडून ठेवायचा, भार द्यायचा नाही, अशी रीत होती. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आले की त्यांचे काही रोगी सांगितलेले ऐकत नाहीत, पट्टे लवकर काढतात, लवकर चालतात. आणि ऐकणाऱ्यांपेक्षा या न ऐकणाऱ्यांचे गुडघे चांगले होतात. त्यांनी त्यावरून उपचाराचा क्रमच बदलला. गुडघा पहिल्या दिवसापासून सरळ करायचा, भार लवकर द्यायचा. हा निबंध त्यांनी पॉल निट्झ यांच्याबरोबर १९९० मध्ये प्रसिद्ध केला आणि जगभरातल्या खेळाडूंचा परतीचा रस्ता आखूड झाला.

हा रस्ता किती आखूड झाला ते ब्लॅकबर्नमध्ये दिसले. १९९२ च्या उन्हाळ्यात ब्लॅकबर्न रोव्हर्सने अॅलन शिअररला साउथॅम्प्टनकडून ३५ लाख पौंडांच्या आसपास देऊन घेतले. तेव्हाचा तो ब्रिटिश विक्रम होता. पोलादाच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या जॅक वॉकर यांनी आपल्या गावच्या क्लबसाठी पैसा ओतला होता आणि शिअरर हा त्या पैशाचा चेहरा होता. २१ लीग सामन्यांत १६ गोल झाले. २६ डिसेंबर १९९२ रोजी लीड्सविरुद्धच्या सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्याला दुखापत झाली. पुढचा फुलीबंध तुटला होता. क्लफच्या सामन्याला त्या दिवशी बरोबर तीस वर्षे झाली होती.

तीच नाताळनंतरची तारीख, तसाच गोल करणारा नवा खेळाडू, इंग्लंडच्या उत्तरेतलेच कामगारांचे गाव. पण पुढे घडले ते वेगळे. शिअररचा तो हंगाम संपला. ब्लॅकबर्न त्याच्याशिवाय चौथे आले. पुढच्या हंगामात तो परतला आणि त्याने लीगमध्ये ३१ गोल केले, त्याच्या पुढच्या हंगामात ३४, आणि १९९५ मध्ये ब्लॅकबर्न विजेते झाले. निवृत्त झाला तेव्हा प्रीमियर लीगमधले त्याचे २६० गोल हा विक्रम होता आणि तो अजून मोडलेला नाही. ‘खेळेल का?’ या प्रश्नाला इतके ठसठशीत उत्तर आधी क्वचितच कुणी दिले असेल.

भाव वाढला

यानंतर आठ वर्षांनी प्रश्न किती बदलला हे एका आकड्यातून कळते. एप्रिल २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडने आइंडहोव्हनच्या पीएसव्हीच्या रूड व्हॅन निस्टेलरॉयसाठी १ कोटी ८५ लाख पौंडांचा सौदा ठरवला. त्या हंगामात त्याने डच लीगच्या २३ सामन्यांत २९ गोल केले होते. वसंतात गुडघा दुखावला होता. मँचेस्टरच्या डॉक्टरांना तपासणीत शंका आली, त्याला सादर करण्याचा समारंभ रद्द झाला. काही दिवसांतच पीएसव्हीच्या सरावात कॅमेऱ्यांसमोर तो उडी मारून उतरला आणि ओरडत खाली कोसळला. पुढचा फुलीबंध गेला. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या व्हेल इथे रिचर्ड स्टेडमन यांनी शस्त्रक्रिया केली. मँचेस्टरचे व्यवस्थापक अॅलेक्स फर्ग्युसन संपर्कात राहिले, थांबले. वर्षभराने, एप्रिल २००१ मध्ये, करार झाला. रक्कम होती १ कोटी ९० लाख पौंड.

गॅस्कोइनचा गुडघा तुटला तेव्हा भाव ३० लाखांनी उतरला होता. व्हॅन निस्टेलरॉयचा तुटला तेव्हा तो ५ लाखांनी चढला. दोघे सारखे नव्हते, हे मान्य. गॅस्कोइन दोनदा पडला होता आणि त्याचा स्वभाव हाही सौद्यातला धोका होता. टॉटनहॅमला पैशांची निकड होती. तरीही या दोन आकड्यांच्या मधे दहा वर्षांत काय बदलले ते दिसते. बाजाराने मान्य केले होते की हा बंध पुन्हा बसवता येतो. शंका ‘का’ची राहिली नव्हती. व्हॅन निस्टेलरॉयने मँचेस्टरसाठी २१९ सामन्यांत १५० गोल केले आणि बाजाराला खोटे पाडले नाही.

सात मिनिटे

आता ती खटकणारी गोष्ट. उत्तर मिळाले की प्रश्न संपायला हवा. इथे उलटे झाले. ‘खेळेल’ हे ठरल्यावर ‘कधी?’ सुरू झाले. आणि ‘कधी?’ विचारणारा माणूस ‘का?’ विचारणाऱ्यासारखा असहाय नसतो. त्याच्या हातात दिनदर्शिका असते. त्याला वाटते, आपण पैसे भरले आहेत, तारीख उलटून गेली आहे, माल अजून आलेला नाही.

ब्राझीलच्या रोनाल्डोला मिलानच्या इंटरने १९९७ मध्ये जागतिक विक्रमी रकमेला घेतले. २१ नोव्हेंबर १९९९ रोजी लेच्चेविरुद्ध त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेला दुखापत झाली आणि पॅरिसमध्ये जेरार सायां यांनी शस्त्रक्रिया केली. ही दुखापत फुलीबंधाची नव्हती, पण दिनदर्शिका तीच होती. जवळजवळ पाच महिन्यांनी, १२ एप्रिल २००० रोजी, इटालियन कपच्या अंतिम लढतीच्या पहिल्या सामन्यात रोमला तो बदली खेळाडू म्हणून उतरला. सुमारे सात मिनिटे खेळला. चेंडू घेऊन पाय हलवताना कुणाचा स्पर्श नसताना त्याचा गुडघा ढासळला. स्टेडियमभर शांतता पसरली. त्याला पुन्हा शस्त्रक्रिया लागली, पुन्हा दीर्घकाळ बाहेर राहावे लागले. २००२ च्या विश्वचषकात त्याने ८ गोल केले आणि योकोहामात अंतिम सामना जिंकून दिला, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या उजेडात ती सात मिनिटे विसरली जातात.

शरीराचे घड्याळ कसे चालते तेही पाहिले पाहिजे. फुलीबंधाच्या जागी बसवलेली कंडरेची पट्टी आधी जिवंत ऊती म्हणून राहत नाही. तिच्यातल्या पेशी मरतात, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात आणि कंडरा बंधासारखी घडत जाते. या घडणीच्या सुरुवातीच्या महिन्यांत ती सगळ्यांत कमजोर असते. नेमक्या याच काळात सूज उतरते, दुखणे थांबते, खेळाडूला आपण बरे झालो असे वाटते. रोगी बरा दिसतो तेव्हाच बंध कच्चा असतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके महिने लांबवले, त्यातल्या दर महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटत गेले. शेलबोर्न यांच्या न ऐकणाऱ्या रोग्यांनी चालणे लवकर सुरू करावे हे शिकवले. मैदानावर लवकर परतावे, हे शिकवले नव्हते. दोन्हींची गल्लत झाली.

ही गल्लत डॉक्टरांनी एकट्यांनी केली नाही. क्लबला गुण हवे असतात, खेळाडूला आपली जागा जाण्याची भीती असते, आणि चाहत्याला आपला नवा खेळाडू बघायचा असतो. या तिघांत चाहत्याचा वाटा सगळ्यांत छोटा, पण आवाज सगळ्यांत मोठा. मी स्वतः त्या आवाजात सामील झालेलो आहे. मँचेस्टरच्या वा मिलानच्या एखाद्या खेळाडूची परतीची तारीख पुढे गेली की कोल्हापुरात बसून मी चिडलेलो आहे, जणू त्याने माझे उसने घेतले होते.

शिअरर आणि व्हॅन निस्टेलरॉय यांच्यात एक साम्य मला या सगळ्या वाचनात दिसले. शिअररला दुखापत झाली ती हंगामाच्या मध्यावर, म्हणजे पुढच्या हंगामाआधी परतण्याचा प्रश्नच नव्हता. व्हॅन निस्टेलरॉयने ते वर्ष काढले तेव्हा तो मँचेस्टरचा झालेलाच नव्हता. वाट बघणाऱ्यांचा त्याच्यावर अजून हक्क नव्हता. दोघांनाही वेळ मिळाला. चार-दोन उदाहरणांवरून नियम काढण्याचे धाडस मी करणार नाही. वेळ मिळूनही न सावरलेले पुष्कळ आहेत. पण वेळ मिळाला नसता तर या दोघांची नावे आज आपण कशी घेतली असती, हा विचार मनातून जात नाही.

आमच्या पेठेतला तो खेळाडू आता साठीला आला आहे. अजून सामन्याला येतो. पायऱ्या चढताना डावा पाय आधी टाकतो आणि उजवा मागून ओढून घेतो. मागच्या हंगामात आमच्या संघातल्या एका नव्या पोराचा गुडघा गेला. त्याची शस्त्रक्रिया झाली, दुर्बिणीने. हंगाम संपायच्या आत शेजारचे एक जण म्हणाले, ‘पाच महिनं झालं की आता, कवा उतरतोय ह्यो?’ त्याने त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही. मैदानाकडे बघतच म्हणाला, ‘खेळणार हाय न्हवं? मग बसू दे की त्याला.’